बुचावरून एसटी

एसटीचं पुठ्ठ्याचं मॉडेल करायला बसणारा माणूस आधी प्रमाण ठरवतो, कागदावर आकडेमोड करतो, पुठ्ठा आणतो आणि तिसऱ्या दिवशी चाकांपाशी अडकतो. खोकं कसंही उभं राहतं. पण एकसारखी, डुगडुगणार नाहीत अशी चार चाकं घरात कापून काढणं भल्याभल्यांना जमत नाही. कात्रीनं कापलेलं पुठ्ठ्याचं चाक गोल कमी आणि अष्टकोनी जास्त असतं. म्हणून उलटीकडून सुरुवात करावी: आधी चाक, मग गाडी.

कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूच घ्या. त्याचा व्यास जवळजवळ ३ सेंटीमीटर. एसटीचं चाक टायर धरून साधारण १ मीटरचं. म्हणजे खऱ्या मीटरला आपले ३ सेंटीमीटर. प्रमाण ठरलं, तेही फुकटात. आता गाडी ११ मीटर लांब धरली तर मॉडेल ३३ सेंटीमीटर, अडीच मीटर रुंदीचे साडेसात, ३.१ मीटर उंचीचे ९.३. पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेपाच मीटर अंतर, त्याचे साडेसोळा. बुचाची उंची दीड-दोन सेंटीमीटर असते, आणि मागच्या जोडचाकांची मिळून रुंदी या प्रमाणात तेवढीच भरते. त्यामुळे मागे एकेक बूच दोन टायरांचं काम करतं. पुढचं बूच जाड दिसतं खरं, पण ते बॉडीच्या आत ढकलून बसवलं की निम्मं झाकलं जातं.

परदेशी प्लास्टिकच्या किटमध्ये सगळं कापून, मोजून, क्रमांक घालून येतं आणि किंमत हजारांत जाते. त्यात वाईट काही नाही. पण अशा पेटीत एसटी मिळत नाही. आणि पुठ्ठा म्हणजे गरिबाची पळवाट, असंही नाही. पोलंडमध्ये १९५७ पासून कागदी मॉडेलांचं मासिकच निघायला लागलं, पानं कापायची आणि विमान, जहाज उभं करायचं. आपल्याकडे १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी निघाली, तिची बॉडी लाकडी होती. पुठ्ठा हाही शेवटी लाकडाचाच लगदा. तेव्हा लांबचं का होईना, नातं लागतं.

पुठ्ठा कुठला, हा पुढचा प्रश्न. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा मोठ्या कामाला छान, पण ३३ सेंटीमीटरच्या गाडीला तो जाडाभरडा पडतो आणि खिडकीच्या कडेला त्याच्या पन्हळी दात काढून हसतात. इथे हवा तो राखाडी, भरीव, दीड मिलिमीटर जाडीचा बोर्ड. राइटिंग पॅडच्या मागे तोच असतो. फक्त ए-फोर पॅड २९.७ सेंटीमीटरवर संपतं आणि गाडी तीन सेंटीमीटरनं उपाशी राहते, म्हणून फुलस्केप पॅड बघावं. त्याहून बरं म्हणजे बाइंडिंगवाल्याचं दुकान गाठावं. त्याच्या टेबलाखाली कातरणीचा ढीग असतो. चांगले हातभर लांबीचे तुकडे तो रद्दीच्या भावात देतो, कधी नुसताच देऊन टाकतो.

पुठ्ठा हातात आला की कापण्याआधी एकदा वाकवून बघायचा. आधी लांबीत, मग रुंदीत. एकीकडून तो सहज वाकतो, दुसरीकडून हट्ट करतो. कारण कारखान्यात लगदा जाळीवरून पुढे सरकतो तेव्हा त्यातले बहुतेक तंतू सरकण्याच्या दिशेनं आडवे होतात. पुठ्ठ्याला अशी दिशा असते, आणि सगळी भांडणं तिथून सुरू होतात. ओला झाला की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. म्हणून पुठ्ठा एकाच अंगानं वळतो. एका बाजूला फेविकॉल फासून पुठ्ठा तसाच टेबलावर ठेवला, तर सकाळी त्याचं कौल झालेलं असतं. लोक म्हणतात, फेविकॉल खराब निघाला. फेविकॉल बिचारा आपलं काम करत असतो.

तेव्हा गाडीच्या लांब बाजू कापताना तंतू लांबीच्या दिशेनं ठेवायचे. त्यामुळे ३३ सेंटीमीटरची बाजू मध्ये धनुष्यासारखी वाकत नाही. मग खिडक्यांमधल्या उभ्या पट्ट्या मात्र कमजोर राहतात, कारण तिथे तंतू आडवे येतात. त्यांच्यामागे आगपेटीची गुल काढलेली काडी चिकटवून टाकायची.

खर्च करायचा तो कापण्यावर. बाकी घरभर कंजूषी चालेल, इथे नाही. ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी हवीच. प्लास्टिकच्या पट्टीची कड कटर दोन दिवसांत सोलून खातो आणि त्यानंतरच्या सगळ्या सरळ रेषा तिच्यासारख्याच खवलेल्या येतात. पट्टीच्या खालच्या अंगाला पॉलिश पेपरची बोटभर पट्टी चिकटवली की ती घसरत नाही; पट्टी घसरते तेव्हाच बोट कापतं. ९ मिलिमीटरचा कटर पुरतो, पण त्याच्या पात्याचं टोकच तेवढं कापत असतं. ते बोथट झालं की पक्कडीनं तो तुकडा मोडायचा, मन घट्ट करून. पातं वाचवणारा माणूस जोर लावतो, जोरानं पुठ्ठा फाटतो आणि वाचलेल्या दोन रुपयांत सगळी बाजू वाया जाते. खाली काच किंवा फरशी घेऊ नये, टोक लगेच मरतं. खोक्याचा पुठ्ठा दुहेरी करून अंथरला तरी काम भागतं.

दीड मिलिमीटरचा बोर्ड एका दमात कापायचा नाही. पहिला हात फक्त रेघ पाडण्यापुरता, मग त्याच चरीतून तीन-चार हलके हात. कटर तिरका धरला तर कडही तिरकी येते आणि कोपऱ्यात दोन पुठ्ठे जुळवताना केसाएवढी फट राहते. रंग दिल्यावर ती फट दोऱ्याएवढी दिसते. खिडक्या आधी कापायच्या, बाहेरचा आकार नंतर. आधी बाजू सुटी करून घेतली की खिडकी कापताना ती हाताखाली हलते आणि पट्टी तुटते. खिडकीत प्रत्येक काप कोपऱ्यापासून मध्याकडे आणायचा. उलट गेलं तर कटर कोपरा ओलांडून पुढे जातो, आणि एसटीच्या प्रत्येक खिडकीला चार-चार मिश्या फुटतात.

आता ज्या चुकीनं सर्वांत जास्त गाड्या अर्ध्यावर माळ्यावर गेल्या असतील ती चूक. गाडीची रुंदी ७५ मिलिमीटर. मग तळही ७५ चाच कापला. दोन्ही बाजू त्याला बाहेरून चिकटवल्या, प्रत्येक बाजू दीड मिलिमीटरची, आणि गाडी झाली ७८. पुढचं तोंड मात्र ७५ चंच कापलेलं. मग तोंड आत पडतं, छप्पर अपुरं येतं, आणि ते ओढून-ताणून बसवलं की सगळी बॉडी पिळवटते. तळ ७२ चा हवा. पुठ्ठ्याची जाडी कागदावर दिसत नाही, म्हणून ती हिशोबात धरायची राहते. प्रत्येक जोडाला एकदा स्वतःला विचारायचं, कोण कोणाच्या बाहेर बसणार? उत्तर पेन्सिलीनं त्या तुकड्यावरच लिहून ठेवावं.

चाकांवर परत येऊ, कारण बुचाचं दुखणं निराळं आहे. बाटलीच्या बुचाचं प्लास्टिक मेणचट असतं, त्याला फेविकॉल धरत नाही आणि फेविक्विकही धरत नाही. धरल्यासारखं वाटतं, गाडी दोनदा ढकलली की टक्कन सुटतं. चिकटवायच्या भानगडीत न पडता ते अडकवायचं. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या बुचात दाबून बसतील इतक्या घट्ट कापायच्या, एकमेकींना फेविकॉलनं जोडायच्या आणि बुचात ठोकायच्या. कित्येक बुचांच्या बरोबर मध्यावर साच्याचा बारीक टिपका असतो, तो केंद्रबिंदू आयता मिळाला. तिथून दाभण सरळ आरपार. आस म्हणून पनीर टिक्क्याला लावतात ती ३ मिलिमीटरची बांबूची काडी. ती चकत्यांना पक्की चिकटते, कारण लाकूड आणि पुठ्ठा यांचं फेविकॉलशी जन्मापासून जमतं.

काडी फिरायला नळी हवी. १ जुलै २०२२ ला प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली, तेव्हापासून ज्यूसच्या डब्याबरोबर कागदी स्ट्रॉ मिळते. पिणाऱ्यांची तिच्याबद्दल तक्रार असेल, मॉडेलवाल्यांची नाही. प्लास्टिकची नळी तळाला चिकटायची नाही, ही लगेच चिकटते. फेविकॉल मात्र एक थेंबच लावायचा, जास्त झाला तर नळी भिजून चपटी होते आणि काडी आवळते. नळी तळाला पक्की, चाक काडीला पक्कं, आणि काडी नळीत मोकळी. हौसेच्या भरात काडीही नळीला चिकटवून टाकणारे पुष्कळ असतात. त्यांची गाडी कायमची डेपोत.

छप्पर एसटीचा खरा चेहरा आहे. ते सपाट केलं तर गाडी टेंपो दिसते. आत आडव्या पाच कमानी लागतात. पाचही ढोबळ कापायच्या, चिमट्यात एकत्र धरून २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं एकदमच घासायच्या, म्हणजे सगळ्यांची गोलाई एक येते. वर बोर्ड नको, कार्डशीट घ्यायची, आणि तिचे तंतू गाडीच्या लांबीत. लाटण्यावर ठेवून तळव्यानं हलके पुढेमागे केलं की ती स्वतःच वळायला लागते. छपराची रुंदी पट्टीनं मोजायची नाही. कमानीवरून दोरा टाकायचा आणि दोरा मोजायचा. वक्र रेषेवर ७५ चे ८० कधी होतात ते कळत नाही. पहिल्या थराला फेविकॉल जुन्या व्हिजिटिंग कार्डानं इतका पातळ ओढायचा की खालचा पुठ्ठा दिसत राहील. त्यावर दुसरा थर, मग रबरबँड, मग रात्रभर विश्रांती. पावसाळ्यात दोन रात्री.

जुन्या पद्धतीनं खळ करून चिकटवायला हरकत नाही, स्वस्त पडते. पण कणकेच्या खळीवर झुरळं आणि कसर तुटून पडतात. म्हणून बाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद घालतात, आणि मोरचूद विषारी. घरात लहान मूल असेल तर फेविकॉलच बरा.

रंगाच्या वेळी घाई नडते. पोस्टर कलर पाण्याचा, म्हणजे पुन्हा तोच कौलाचा प्रकार, शिवाय बोटाला लाल लागत राहतं. ऑइल पेंटचा छोटा डबा आणि एक मऊ ब्रश, एवढ्यात दोन-तीन गाड्या रंगतात. त्यात पाणी नसल्यामुळे पुठ्ठा फुगत नाही. आधी कडांना बोटानं फेविकॉल चोळून, वाळवून, घासून घ्यायचं, नाहीतर कड रंग पीत बसते आणि लव उभी राहते. लाल रंग तसा पारदर्शकच, राखाडी बोर्डावर थेट दिला तर विटकरी दिसतो. खाली पांढऱ्याचा एक हात हवा, वर लालचे दोन पातळ. खिडक्यांच्या आतल्या कडा विसरू नका, गाडी डोळ्यांसमोर धरली की पहिल्यांदा त्याच दिसतात. ब्रशची कटकटच नको असेल तर शाळेच्या हस्तकलेतला लाल घोटीव कागद आहे. कोपऱ्यांवर सुरकुती येते, पण चकाकी अशी की नवी गाडी वर्कशॉपमधून आत्ताच बाहेर पडली म्हणावं.

किरकोळ सामान घरात पडलेलंच असतं. गोळ्यांच्या पाकिटातला ६ मिलिमीटरचा पारदर्शक फुगा हेडलाइट होतो, त्याच्या मागे त्याच पाकिटाची चंदेरी पन्नी. शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण पुढच्या काचेला. खिडकीचे गज आणि मागची टपावर जाणारी शिडी खराट्याच्या हिरांची. शिडीच्या पायऱ्या एकेक करून चिकटवायला गेलात तर वेडे व्हाल. आलेख कागदावर दोन उभे हीर चिकटपट्टीनं बसवा, पायऱ्या वरून आडव्या टाका, वाळल्यावर बाहेर आलेली टोकं एकाच रेषेत छाटा. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही ओळ लिहायची हौस ज्याला आवरत नाही त्यानं ०.३ चं काळं पेन घ्यावं आणि पट्टीनं शिरोरेघ आधी मारावी. आपली अक्षरं वरून लोंबतात. दांडी सरळ असली की खालचे कपडे थोडे वाकडे असले तरी वाळत घातलेले नीट दिसतात.

गाडी उभी राहिली की फरशीवर ढकलून पाहायची. ती डावीकडे ओढत असेल तर दोन आस समांतर नाहीत. तळ उलटा करून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा, एकीकडे १६५ मिलिमीटर आणि दुसरीकडे १६३ निघेल. पुढची नळी ओल्या कापडानं भिजवली की पाच-दहा मिनिटांत मऊ होते, मग ती सरकवता येते. फेविकॉल पाण्याला नरमतो, हा इतका वेळ त्रास देणारा गुण इथे उपयोगी पडतो.

शेवटी राहिली पाटी. ती चिकटवायची नाही. समोरच्या काचेच्या वर दोन हीर आडवे लावून मध्ये कार्डशीट जाईल एवढी खाच ठेवायची, आणि पाट्या सुट्या कापून ठेवायच्या, ३६ मिलिमीटर बाय ८. मग गाडी सकाळी अक्कलकोटला जाते, दुपारी गुहागरला, आणि घरात कोणी पाच-सहा वर्षांचं असेल तर बहुतेक वेळा आजीच्या गावाला.