बासुंदीवर पालथा हात

दुपारची पंगत. वाढपी बासुंदीचं पातेलं घेऊन ओळीने येतो आणि एका पानाशी अडतो, कारण वाटीवर हात पालथा पडलेला असतो. "थोडीशी, चवीपुरती?" "नको, मला नाही चालत." साखरेचं दुखणं नसतं, उपासही नसतो. दर पंगतीत असा एक हात असतोच. खोदून विचारलं की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एक एसटी निघते. लग्नाचं जेवण, मग घाटातली वळणं आणि खिडकीबाहेर काढलेली मान. गाडी लागली होती, बासुंदी बिचारी चांगली होती, हे त्या माणसालाही पक्कं ठाऊक असतं. पुढे एसटीत तो शेकडो वेळा बसतो. बासुंदीशी मात्र कायमची कट्टी.

एसटीशी का नाही? या प्रश्नाचं सगळ्यात नेटकं उत्तर उंदरांनी दिलं आहे. १९६६ मध्ये जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग या संशोधकांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी दिलं. नळीला जीभ लागली की दिवा चमके आणि टक्क आवाज होई. म्हणजे चव, उजेड आणि आवाज, तिघं एकदमच हजर. मग काही उंदरांना मळमळेल असं केलं, काहींच्या पायांना विजेचा झटका दिला. मळमळलेल्यांनी गोड पाणी सोडलं, पण दिवा नि टक्क यांचं त्यांना काहीच वाटलं नाही. झटका खाल्लेले उजेड-आवाजाला बिचकले, गोड पाणी मात्र पीत राहिले. पोटाची तक्रार जिभेवर नोंदवायची, कातडीची डोळ्या-कानांवर, हा दफ्तराचा नियम शरीरात आधीपासूनच लिहिलेला. लावे पक्षी अन्न नजरेने हेरतात. त्यांना निळं आंबट पाणी पाजून आजारी पाडलं, तर त्यांनी पुढे निळा रंग टाळला. त्याच प्रयोगातल्या उंदरांनी आंबटपणा टाळला.

घंटा वाजवून अन्न देत राहिलं की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हा पाव्हलॉवचा प्रयोग. तोवर समजूत अशी होती की घंटा आणि अन्न यांत काही सेकंदांचंच अंतर हवं आणि जोडी पुन्हा पुन्हा जुळवायला हवी. मळमळीच्या बाबतीत एकाच फेरीतही काम फत्ते होऊ शकतं, तेही खाणं आणि मळमळ यांत तासाभराचं अंतर असताना. नियतकालिकांनी गार्सियांचे लेख परत पाठवले. लाकडी पक्ष्याच्या कुकू घड्याळात पक्ष्याची शीट सापडावी इतकंच हे संभवनीय आहे, असं एका संशोधकाने म्हटलं. घाटातून एकदा लहान मूल नेलं असतं तर शंका फिटली असती.

बरं, त्याच पानावर वरण-भातही होता. तो सुटला, कारण तो रोजचा. संशय नेहमी नवख्यावर किंवा क्वचित येणाऱ्यावर जातो. कर्करोगाची औषधं घेणाऱ्या मुलांची जेवणं अशीच एकेक करून तुटतात. म्हणून जेवण आणि औषध यांच्यामध्ये मुलाला एखादी अनोळखी, ठसठशीत चवीची गोळी चघळायला देऊन पाहिली गेली. पुढची मळमळ बरीचशी त्या गोळीच्या नावावर जाते, जेवण वाचतं. घाटाआधीही हेच करावं. पहिलीवहिली स्ट्रॉबेरी त्या दिवशी देऊ नये. जी चव गेली तरी रडायला नको, अशी विचित्र गोळी द्यावी.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण फुंकणारा निदान पितो तरी. ज्याचं पोट ढवळलं तो फुंकत बसत नाही, वाटीच सरकवतो. त्यावर उतारा एकच, घरी, तब्येत ठीक असताना, अर्धा चमचा, असं बरेच दिवस. पंगतीतला आग्रह हा उतारा नव्हे. घशाशी येईस्तोवर भरवलं तर जुनी नोंद आणखी पक्की होते.

इथवर शिकत होतं ते पोट. डोकंही अगदीच बिनकामाचं नाही. ते गुपचूप साठवत असतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत टोलमन आणि हॉन्झिक या मानसशास्त्रज्ञांनी काही उंदरांना दहा दिवस चक्रव्यूहात नुसतं हिंडू दिलं, खाऊबिऊ काही नाही. अकराव्या दिवशी शेवटी अन्न ठेवलं. बाराव्या दिवशी ते रोज खाऊ मिळवणाऱ्या उंदरांच्या बरोबरीला आले. आई गावाला गेली की दहा वर्षांची मुलगी आयुष्यातला पहिला चहा करते आणि मांडणीवरच्या एकसारख्या सात डब्यांतून साखरेचा बरोबर काढते. बाबा त्याच डब्यांसमोर उभे राहून "साखर कुठाय?" विचारतात. मुलगी स्वयंपाकघरात हिंडलेली, बाबांना चहा जागेवर मिळालेला.

आणि बघून शिकणं? मानसशास्त्रज्ञ बांडुराचा फुगवलेला बाहुला प्रसिद्धच आहे. मोठ्यांनी बदडलेला पाहिला की मुलंही बदडतात. मला १९६५ चा प्रयोग जास्त आवडतो. फिल्ममध्ये मारणाऱ्याला ओरडा बसलेला पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग प्रत्येक नकलेला रस आणि चित्रं मिळतील म्हटल्यावर त्यांनीही बाकीच्या मुलांइतकीच नक्कल करून दाखवली. म्हणजे शिकून झालेलंच होतं, दाखवायचं कारण हवं होतं. पोळीचं मात्र असं होत नाही. गोळ्यात तेल-पीठ लावून घडी घालणं, लाटणं मधे न दाबता कडेला फिरवणं, हे सगळं हजारदा पाहिलेलं असतं, तोंडपाठ सांगताही येतं. तरी पहिली पोळी मधे फाटते, कडेला जाड राहते. मनगटाने पाहिलेलं नसतं ना.

तोंडं वाकडी करायला मात्र सराव लागत नाही. वाढपी पुढच्या पानाकडे वळतो. तिथे त्या बासुंदी नाकारणाऱ्या मामांचा सहा वर्षांचा भाचा बसला आहे. त्याने बासुंदी अजून चाखलेलीच नाही, पण वाटीवर हात पालथा, नाक थेट मामांसारखं मुरडलेलं. मठ्ठा दोघंही दोनदा घेतात.