डेबियन १२ ते १३: घरातली तीन मशीन्स आणि एक कोलन

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं १३ वं व्हर्जन, म्हणजे ट्रिक्सी आलं, तेव्हा आमच्या रामबागेतल्या घरात तिन्ही मशीन्स १२ वर होती: माझं, दादाचं व्हिडिओ एडिटिंगचं आणि काकूंचं टायपिंगचं. गणपती तोंडावर आले होते आणि मंडळाची सगळी पत्रकं काकूंच्या मशीनवर होतात, म्हणून थांबलो. अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, इंदुरात मिलच्या झांक्या निघाल्या आणि त्याच दिवशी १३.१ आलं. पहिलं दुरुस्तीचं व्हर्जन आल्याशिवाय हात लावायचा नाही, हा माझा नेम.

माझं मशीन सकाळच्या पोह्यांनंतर घेतलं आणि दुपारच्या जेवणाआधी उरकलं. बॅकअप घेतला, १२ चे सगळे अपडेट्स आधी पूर्ण केले, बाहेरच्या रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेस (प्रोग्रामचे गठ्ठे) जिथून उतरतात ती भांडारं, बंद केल्या, भांडारांची यादी असलेल्या सोर्सेसच्या फाइलमध्ये बुकवर्मच्या (१२ चं नाव) जागी ट्रिक्सी लिहिलं. मग एपीटीचं, म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या डेबियनच्या साधनाचं, आधी साधं अपग्रेड, नवीन पॅकेजेस न आणता, आणि त्यानंतर फुल-अपग्रेड. हा क्रम मोडू नका. ११ वर असाल तर थेट १३ वर उडी मारता येत नाही, १२ वर थांबावंच लागतं.

माझा कर्नल (सिस्टिमचा गाभा) बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या डेबियनसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसमधून, आणलेला ६.१२ मालिकेचा होता. त्याच्या व्हर्जनच्या शेवटी ‘~बीपीओ१२+१’ असं शेपूट असतं. हे ~ चिन्ह मला फार आवडतं. डेबियनच्या हिशेबात ते ‘काहीच नाही’च्याही आधी येतं, म्हणजे १.०~आरसी१ (१.० आधीचं चाचणीचं व्हर्जन) हा १.० पेक्षा लहान. त्यामुळे ट्रिक्सीतलं तेच पॅकेज आपोआप मोठं ठरतं आणि बॅकपोर्टची जागा घेतं.

दादाच्या मशीनला दुसऱ्याच दिवशी अडचण आली. रेंडर अर्ध्यात थांबलं, ‘जागा शिल्लक नाही’, आणि डिस्क तर अर्धी रिकामी! ट्रिक्सीत /टीएमपी फोल्डर डिस्कवर नसतो, मेमरीत असतो, आणि फार तर निम्मी रॅम घेतो. एडिटरचा कॅश तिथेच जात होता. तो कॅश दुसऱ्या एसएसडीवरच्या फोल्डरकडे वळवला. सिस्टिमडीमध्ये (मशीन सुरू होताना सगळं उभं करणारा प्रोग्राम) टीएमपीचा माउंट मास्क, म्हणजे बंद, करून जुनी पद्धत परत आणता येते, पण एका प्रोग्रामसाठी अख्ख्या मशीनची सवय बदलावी असं मला वाटलं नाही.

खरे दिवस गेले ते काकूंच्या मशीनवर.

मराठी टायपिंगसाठी मी एक कीबोर्ड लेआउट बनवलाय आणि त्याचं पॅकेज घरच्याच छोट्या रिपॉझिटरीत ठेवतो. गेल्या वर्षी त्याला व्हर्जन दिलं तारखेचं, २०२४०३१०. यंदा ‘ॲ’ची की सोयीच्या जागी आणली आणि आता आकडे नीट ठेवू म्हणून व्हर्जन दिलं १.१. काकूंचं मशीन १३ वर गेलं, सगळं हिरवंगार, अपडेट करण्यासारखं काही नाही. दिवाळी पहाटेचं पत्रक टाइप करताना काकूंनी हाक मारली. प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी ‘ॲड.’ हवं होतं.

“अरे, तू म्हणालास तिथे ‘ॲ’ येतच नाही. मी आपलं नेहमीसारखं अ काढून वर चंद्र दिला.”

छापील कागदावर ते सारखंच दिसतं. पण ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र अक्षर आहे. अ आणि चंद्र जोडून केलेलं वेगळं. जुन्या पत्रकांत ‘ॲड.’ शोधलं की सापडत नाही.

एपीटीला पॉलिसी विचारली, म्हणजे कोणतं व्हर्जन बसलंय आणि कोणतं मिळतंय ते पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. बसलेलं २०२४०३१०, रिपॉझिटरीत १.१. एपीटीच्या दृष्टीने दोन कोटींपुढे एक कसा मोठा होणार? माझ्या मशीनवर चालत होतं, कारण तिथे मी डीपीकेजीने (एपीटीच्या खालचं, एकेक पॅकेज बसवणारं साधन) हाताने बसवलं होतं आणि डाउनग्रेडची सूचना न वाचता पुढे गेलो होतो.

लिबरऑफिसनेही नंबरांची पद्धत बदलली. ७.६ नंतर २०२४ मध्ये थेट २४.२, म्हणजे वर्ष आणि महिना. ते लहानावरून मोठ्याकडे गेले, कुणाला काही करावं लागलं नाही. मी तारखेवरून साध्या आकड्याकडे आलो, म्हणजे मोठ्यावरून लहानाकडे. या दिशेला एकच नीट वाट आहे, इपॉक: आकड्याच्या आधी एक अंक आणि कोलन. १:१.१ लिहिलं की ते कोलन नसलेल्या प्रत्येक व्हर्जनपेक्षा मोठं. इपॉक नसेल तर तो शून्य धरतात. मात्र एकदा लावला की काढता येत नाही. काढला तर पुन्हा हीच अडचण. लेआउटला आता कायमचा ‘१:’ चिकटला. पहिल्याच दिवशी ०~२०२४०३१० लिहिलं असतं, तर १.१ आपसूक मोठं ठरलं असतं. तारखेचं व्हर्जन देणाऱ्यांनी तारखेच्या आधी ‘०~’ लावायला विसरू नये.

नवीन पॅकेज केलं, काकूंच्या मशीनवर एपीटी चालवलं, आणि या वेळी अपग्रेडच्या यादीत एक नाव आलं. काकूंनी ‘ॲड.’ एका कीने काढून पाहिलं, आणि मग जुन्या पत्रकांतले सगळे ‘अॅड.’ बदलायला बसल्या.