कॉलेजचा ड्राइव्ह म्हणजे सोसायटीची टाकी

पुण्यातल्या अनेक कॉलेजांत आयडी कार्डाबरोबर कॉलेजचा ईमेल मिळतो आणि त्याला जोडलेला गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह. फुकट मिळाला म्हणजे आपला झाला, असं धरून तो वापरला जातो. तो आपला नसतो. पासवर्ड रीसेट करण्याचा, जागेवर मर्यादा घालण्याचा आणि अकाउंट बंद करण्याचा अधिकार संस्थेच्या ॲडमिनकडे, म्हणजे ही सगळी अकाउंट सांभाळणाऱ्याकडे असतो.

एके काळी ही जागा अमर्याद होती. गूगलने ती सोय थांबवत असल्याचं फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं आणि जुलै २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी (एक टीबी म्हणजे साधारण १,००० जीबी) हा मूळ कोटा लावला. मायक्रोसॉफ्टनेही नंतर संस्थेमागे १०० टीबीचाच आकडा धरला. ऐकायला प्रचंड वाटतं, पण २०,००० अकाउंट असलेल्या संस्थेत भागाकार केला की माणशी ५ जीबी येतात. एकाने २०० जीबीच्या वेबसिरीज भरून ठेवल्या, तर चाळीस जणांचं पाणी त्याच्या एकट्याच्या बादलीत. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिलेल्या पुणेकराला यापुढचं सांगायला नको.

असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, लॅबचा डेटा, सेमिनारचं रेकॉर्डिंग हे सगळं बिनधास्त ठेवा. जागा त्यासाठीच आहे. सिनेमे, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, अख्ख्या पाठ्यपुस्तकांचे स्कॅन, घरच्या क्लासेसचा धंदा, लग्नाचे फोटो हे नको. फोटो तर बहुतेकदा नकळत जातात. फोनवर कॉलेजचं अकाउंट जोडताना फोटोंचा बॅकअप त्यावर सुरू राहतो आणि गोव्याची ट्रिप कॉलेजच्या कोट्यात जाऊन बसते. फोटोंच्या ॲपमध्ये बॅकअप कोणत्या अकाउंटवर चालू आहे ते एकदा बघा. व्हॉट्सॲपचा बॅकअप कोणत्या अकाउंटवर जातो तेही बघा.

जागा मोकळी करताना दोन गैरसमज हमखास होतात. 'शेअर्ड विथ मी'मधल्या फाइल काढून काही मिळत नाही, कारण त्या मालकाच्या कोट्यात मोजल्या जातात. आणि डिलीट केलेली फाइल गूगलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस जागा अडवून बसते. जागा लगेच हवी असेल तर ट्रॅश स्वतः रिकामा करावा लागतो. चुकून रिकामा केलात तर ॲडमिनला पुढच्या २५ दिवसांत फाइल परत आणता येते, त्यामुळे लाजत बसू नका, लगेच सांगा. कॉम्प्युटर विभागाच्या मंडळींनी कोडचा अख्खा फोल्डर सिंकला लावू नये. लायब्ररींच्या हजारो बारक्या फाइलींनी सिंक तासन्‌तास अडकतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट वापरा, नाहीतर झिप करून चढवा.

खरा धोका मात्र झेरॉक्सच्या दुकानात असतो. सबमिशनच्या आठवड्यात रांग लागलेली, दुकानदार म्हणतो "मेल उघडून प्रिंट द्या", आणि अकाउंट तिथेच उघडं राहतं. पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या किंवा दुकानाच्या मेलवर पाठवा. लॉगिन करावंच लागलं तर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (बंद केली की लॉगिन विसरणाऱ्या) करा आणि निघताना तशा सगळ्या खिडक्या बंद करा. विसरलात तर फोनवरून गूगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी' पानावर जा, 'युवर डिव्हायसेस'मध्ये तो कॉम्प्युटर शोधून साइन आउट करा, मग पासवर्ड बदला.

तितकाच निष्काळजीपणा क्लासच्या शीटमध्ये दिसतो: नाव, मोबाइल, आधार क्रमांक, जातीचा दाखला, आणि शेअरिंग 'एनीवन विथ द लिंक'. ती लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जाते आणि कुणालाही उघडते. 'रिस्ट्रिक्टेड' करून नेमके ईमेल घाला. मुळात आधार मागायचंच कशाला, हा प्रश्न सीआरने, म्हणजे वर्गप्रतिनिधीने, विचारायला हरकत नाही.

शेवटचं सेमिस्टर लागलं की आवराआवर सुरू करा. नो ड्यूजच्या धावपळीत हे होत नाही. गटाच्या प्रोजेक्टची फाइल ज्याने बनवली त्याच्या नावावर असते, त्याचं अकाउंट गेलं की फाइलही जाते. म्हणून गाइडना सुरुवातीलाच शेअर्ड ड्राइव्ह उघडायला सांगा, तिथल्या फाइल व्यक्तीच्या नाही, संस्थेच्या नावावर राहतात. कॉलेजच्या अकाउंटवरून बाहेरच्या जीमेलला मालकी देता येत नाही, प्रतच काढावी लागते. त्यासाठी गूगल टेकआउट ही आपला डेटा उतरवून घेण्याची सोय आहे, तिथे फक्त ड्राइव्ह निवडा. झिपचा आकार मूळ २ जीबी असतो, तो ५० जीबीपर्यंत वाढवता येतो, पण घरचं नेट रडत असेल तर लहान तुकडेच बरे. डाउनलोडची तयार लिंक साधारण आठवडाभर चालते. ॲडमिनने मुभा दिली असेल तर थेट स्वतःच्या जीमेलवर प्रत पाठवण्याची सोयही आहे, मात्र तिथे फुकटचे १५ जीबीच आणि त्यातच मेल आणि फोटोही आले.

प्रतीची लिंक नवी असते. रिपोर्टमध्ये, रेझ्युमेत जुन्या ड्राइव्हची लिंक छापली असेल तर ती बदला. आणि गिटहब, लिंक्डइन, नोकरीची पोर्टलं कॉलेजच्या ईमेलने उघडली असतील, तर अकाउंट चालू आहे तोवर तिथला ईमेल बदला. नंतर पासवर्ड रीसेटचा मेल ज्या पत्त्यावर जाईल, तो पत्ताच उरलेला नसेल.