अ‍ॅन आर्बरचे शेवटचे दहा सेकंद

आप्पांनी पहिल्यांदा 'अमेरिकेतला फुटबॉल दाखव' म्हटलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि थोडी धाकधूकही वाटली. शिवाजी पेठेत वाढलेला माणूस. शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर उन्हातान्हात बसून तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघण्यात ज्याची चाळीस वर्षं गेली, त्याला हातात चेंडू घेऊन पळायच्या खेळाला फुटबॉल म्हणतात हे पटवायचं कसं? पण मी अ‍ॅन आर्बरला दोन वर्षं शिकलो आहे. मिशिगन विद्यापीठाचा निळा-पिवळा रंग माझ्या अंगात भिनलेला आहे. कोल्हापूरच्या माणसाला पेठेचा अभिमान समजावून सांगावा लागत नाही, या एका भरवशावर मी तिकिटं काढली.

तारीख 17 ऑक्टोबर 2015, शनिवार. घट बसून चार दिवस झाले होते. आईचे नऊ दिवसांचे उपास, शिवाय घट सोडून ती कुठे जाणार? तिने भडंगाचा डबा हातात दिला आणि पहाटे साडेपाचला आम्ही दोघं शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून निघालो.

शिकागो मागे टाकून गॅरीच्या पोलाद कारखान्यांवरून रस्ता जातो तेव्हा अजून अंधारच होता. मिशिगन राज्याची हद्द लागली की घड्याळ एक तास पुढे जातं. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, काटे फिरवले आणि पुन्हा बांधलं. कोल्हापूरची वेळ दाखवणारं दुसरं घड्याळ त्यांच्या खिशात होतं, त्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. पुढे द्राक्षांचे मळे लागले, मग कॅलमाझू, बॅटल क्रीक, जॅक्सन. दोन्हीकडची मेपलची झाडं लालभडक झाली होती. मी वाटेत खेळ समजावत होतो. चार संधी मिळतात, चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं. तीन संधींत जमलं नाही तर चौथीला बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब उडवून द्यायचा, त्याला पंट म्हणतात.

"म्हंजे पायाचं काम सगळं बिघडल्यावर," आप्पा म्हणाले. इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

समोर मिशिगन स्टेट होतं. त्यांचं ईस्ट लॅन्सिंग अ‍ॅन आर्बरपासून तासाभराच्या अंतरावर. एकाच राज्यातली दोन विद्यापीठं, एकाच घरात दोन रंगांचे स्वेटर, वर्षभराची टोमणेबाजी. जिंकणाऱ्याला पॉल बनियन या दंतकथेतल्या लाकूडतोड्याचा लाकडी पुतळा मिळतो. आधीच्या सात वर्षांत सहा वेळा तो त्यांच्याकडे गेला होता. हे सांगितल्यावर आप्पांना बाकी काही विचारावं लागलं नाही. "शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ," एवढंच म्हणाले.

स्टेडियमसमोरच्या गोल्फच्या मैदानावर सामन्याच्या दिवशी गाड्या लावतात. डिकी उघडून शेगड्या, खुर्च्या, झेंडे बाहेर येतात आणि सकाळपासून जत्रा भरते. शेजारच्या गाडीपाशी एक हिरव्या स्वेटरातले आजोबा होते, मिशिगन स्टेटचे. त्यांनी आप्पांना सॉसेज देऊ केलं. आप्पांनी नवरात्राचं कारण हाताच्या खुणेनं सांगितलं आणि भडंगाचा डबा पुढे केला. आजोबांनी मूठभर घेतलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतलं. भाषेवाचून दोघांचं बरं जमलं.

मिशिगन स्टेडियम बाहेरून फारसं उंच दिसत नाही. 1927 साली बांधताना त्याचा मोठा भाग जमिनीत खोदून काढला. दारातून आत गेलात की पायाखालची जमीनच खाली उतरत जाते आणि समोर एक लाख माणसं. त्या दिवशी एक लाख अकरा हजारांवर होती. बाकांवर आकडे रंगवलेले असतात आणि दोन आकड्यांमधलं अंतर इतकं कमी की शेजाऱ्याचा खांदा तुमच्या खांद्याला लागूनच राहतो. आप्पा पायऱ्यांवर उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग टोपी काढून हातात घेतली. देवळात शिरताना काढतात तशी.

आमचा संघ त्या वर्षी पुन्हा उभा राहत होता. आधीच्या हंगामात 12 पैकी 7 सामने हरलो होतो. मग जिम हार्बो प्रशिक्षक म्हणून आला. ऐंशीच्या दशकात इथेच क्वार्टरबॅक (डाव चालवून चेंडू फेकणारा) म्हणून खेळलेला, घरचा माणूस. पहिलाच सामना युटाकडून गमावला, पण त्यानंतर संघ असा काही सावरला की या सामन्याआधीच्या लागोपाठ तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गुण घेऊ दिला नव्हता. 31-0, 28-0, 38-0. हे आकडे मी आप्पांना तीनदा तरी सांगितले असतील.

सामना सुरू झाला आणि पहिल्या अर्ध्या तासात आप्पांचा चेहरा पडला. पायाला चेंडूच लागेना. त्यांना त्यातलं एकच आवडलं. रांगेतल्या धिप्पाड पोरांची झोंबी ते कुस्तीच्या नजरेने बघत होते, कोण खाली वाकून घुसतो, कोणाचा पाय मागे सरकतो ते मला दाखवत होते. चेंडू कुठे गेला हे मी सांगायचो. पण मग आमच्या ब्लेक ओ'नीलने एक पंट मारला. हा मुलगा ऑस्ट्रेलियाचा, तिकडचा वेगळाच फुटबॉल खेळत वाढलेला. चेंडू उडाला, पडला, टप्पे खात पुढे धावत राहिला. 80 यार्ड! आप्पा उभे राहून ओरडले, "ही किक! ह्याला म्हन्त्यात किक!" पुढचे सगळे त्यांच्याकडे वळून हसले आणि टाळ्या दिल्या. त्यानंतर आमचे आप्पा ओ'नीलचे झाले. पंटची वेळ आली की ते पुढे सरसावून बसायचे.

आम्ही आघाडीवर होतो, पण जीव भांड्यात पडत नव्हता. त्यांचा क्वार्टरबॅक कॉनर कूक सारखा लांब फेकत होता. दिवसअखेर त्याचे 328 यार्ड झाले. चौथ्या सत्रात त्याने साथीदार पेंडलटनला दिलेला चेंडू 74 यार्ड गेला, लगेच चेंडू गोलरेषेपार नेऊन टचडाऊन झालं आणि फलक 23-21 वर आला. तरी आमच्या बचावाने त्यांना शेवटी अडवलं. चौथ्या संधीचा चेंडू वाया गेला तेव्हा दोन मिनिटंही उरली नव्हती. एक लाख माणसं नाचत होती. मीही आप्पांना मिठी मारली. आम्ही वेळ काढत गेलो आणि दहा सेकंद राहिले. चौथी संधी, दोन यार्ड बाकी. पंट मारायचा, वेळ संपवायची, घरी जायचं.

ओ'नील मागे जाऊन उभा राहिला.

"सगळी म्होरं," आप्पा म्हणाले, "आन् हे पोरगं एकटंच मागं."

समोरच्यांनी पंट घ्यायला मागे माणूसच ठेवला नव्हता, सगळे पुढे आणले होते. आमचे दोघे मात्र नेहमीप्रमाणे कडेला, चेंडूमागे पळायच्या तयारीत. चेंडू झेलायलाच कोणी नाही, तर पळायचं कुणामागे? त्या दोघांना आत घेतलं असतं तर. हे 'तर' माझ्या मनातून अजून जात नाही.

स्नॅप, म्हणजे पुढच्या रांगेतून मागे फेकलेला चेंडू, खाली आला. ओ'नीलच्या हाताला लागला आणि सुटला. त्याने वाकून उचलला, वळला, लाथ घालायचा प्रयत्न केला, तोवर अंगावर माणसं आली. चेंडू हवेत उडाला आणि हिरव्या-पांढऱ्या वेषातल्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात पडला. तो पळाला. 38 यार्ड. गोलरेषा ओलांडली तेव्हा फलकावर वेळ शून्य होती. 27-23. पूर्ण सामन्यात ते एकदाही पुढे नव्हते. पुढे गेले ते सामना संपल्यावरच.

एक लाख माणसांची शांतता काय असते ते मी त्या दिवशी ऐकलं. एका कोपऱ्यात हिरवा गलका चालला होता, तोही लांबून आल्यासारखा वाटत होता. माझ्या पुढचा विशीतला मुलगा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता आणि बराच वेळ त्याने ते खाली घेतले नाहीत. गोलरेषेपलीकडे जल्लोषाचा ढीग पडला, त्याच्या तळाशी वॉट्स-जॅक्सन होता. त्या शेवटच्या खेळीत त्याचं खुब्याचं हाड निखळलं, शस्त्रक्रिया करावी लागली. सामना जिंकून देणारा मुलगा मैदानातून आपल्या पायांनी बाहेर गेला नाही.

गाडीपाशी ते हिरव्या स्वेटरातले आजोबा भेटले. त्यांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि काही न बोलता सोडला.

परतीच्या वाटेवर रेडिओ लावायची माझी हिंमत झाली नाही. जॅक्सन गेलं, बॅटल क्रीक गेलं. कॅलमाझूच्या आसपास आप्पा बोलायला लागले. त्यांच्या तरुणपणी आमच्या तालमीचा एक मुलगा अंतिम सामन्यात पेनल्टी चुकला होता. मी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती.

"चार दिस घराभायेर पडलं न्हाई ते. पाचव्या दिशी आमी तिघं गेलो. त्याच्या आईनं च्या केला. कोन कायबी बोललं न्हाई. मग त्याला घेऊन ग्राऊंडवर आलो आन् अंधार पडंस्तवर किका मारायला लावल्या." थोडा वेळ गेला. "हे पोरगं तर ऑस्ट्रेलियाचं. त्याच्या दाराव कोन जानार रं?"

दाराशी बरेच गेले, पण फोनच्या पडद्यावरून. शिव्या, जिवे मारण्याच्या धमक्या. त्यातले कितीतरी आमच्याच रंगाचे होते, याची मला आजही लाज वाटते. विद्यापीठाचे हंगामी क्रीडासंचालक जिम हॅकेट यांना जाहीर पत्र लिहून त्याची बाजू घ्यावी लागली. 74 यार्डांचा तो पास, कडेला उभे ठेवलेले ते दोघे, हे सगळे विसरले आणि एका मुलाचे दोन हात तेवढे लक्षात ठेवले.

पुढच्या शनिवारी सामना नव्हता. मग 31 ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध, त्यांच्या मैदानावर. त्या संध्याकाळी हॅलोविन होतं. वेष केलेली मुलं सारखी बेल वाजवत होती आणि आई दारात चॉकलेटं वाटत होती. तो सामना शेवटच्या क्षणी गोलरेषेवर अडवून आम्ही 29-26 ने जिंकला, पण आप्पांच्या लेखी तो आधीच आटोपला होता. सुरुवातीपासून ते एकच विचारत होते, "आपलं पोरगं कवा येनार?"

अखेर पंटची वेळ आली. ओ'नील मागे जाऊन उभा राहिला, एकटाच. आप्पांनी चष्मा पुसला, खुर्ची टीव्हीजवळ ओढली. बेल वाजली, आई उठली. चेंडू मागे आला.

"धरला," आप्पा म्हणाले, आणि चेंडू कुठे जाऊन पडला ते न बघताच मागे टेकून बसले.