थुका म्हणलासा, थुकले की

टीबीच्या कार्यक्रमात मी लॅब सुपरवायझर आहे. कर्नाटकातल्या निपाणी भागातली तपासणी केंद्रं फिरायची, टेक्निशियननी वाचलेल्या स्लाइड पुन्हा वाचायच्या आणि अधूनमधून ट्रेनिंग घ्यायचं. ट्रेनिंगचं साहित्य कन्नडमध्ये येतं. निम्म्या आशाताई मराठी, त्यामुळे मराठीत सांगायचं काम आपोआप माझ्याकडे.

स्मीअर, म्हणजे नमुन्याचा काचेवरचा पातळ लेप, करून दाखवणं हा माझा हातखंडा. काडीचं टोक मोडून डबीतला घट्ट, पिवळा भाग उचलायचा, काचेवर 2 बाय 3 सेंटीमीटर पसरायचा. वाळला की काच वर्तमानपत्रावर धरायची. खालची अक्षरं जेमतेम वाचता आली की जाडी बरोबर. एकदा एका टेक्निशियनकडून मी हे दिवसभर घोटून घेतलं होतं. आज त्याच्या स्लाइड जिल्ह्यात दाखवण्यासारख्या असतात. फेरतपासणीत त्याचा आणि माझा निकाल कधी वेगळा आला नाही. त्याच्याकडे पॉझिटिव्ह फार कमी निघतात, हे दिसत होतं. पण चूक सापडत नाही म्हटल्यावर कोण कशाला खोदत बसतो?

त्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर एक आशाताई थांबली. "सर, आमच्या गल्लीत एक वैनी हाईत. दोन म्हयनं खोकला, अंगावरची चोळी ढिली झालीया. दोनदा तपासलं, निगेटिव्ह. डॉक्टर म्हणत्यात तंबाखूचा खोकला."

निपाणीत हे उत्तर फार सोयीचं आहे. घरोघरी विड्या वळतात, त्यामुळे बाई खोकली की तंबाखू. डॉक्टरांनाही बरं आणि बाईलाही बरं. खरं तर संशयिताचा नमुना आता थेट ट्रूनॅटवर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवर, जायला हवा. पण चिप संपल्या की आम्ही पुन्हा सूक्ष्मदर्शकावर, आणि त्याला जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये हजारोंनी असावे लागतात.

दुपारी तिच्यासोबत गेलो. मावशी दारात सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पान कापणं, जर्दा भरणं, दोरा गुंडाळणं, बोटं थांबत नव्हती. डबी दिली. त्या आत गेल्या आणि लगेच परत आल्या. डबीत पांढरा फेस. पाण्यासारखी लाळ.

"मावशी, ही लाळ झाली. छातीतलं पाहिजे."

"आता गं बया! तुमीच थुका म्हणलासा न्हवं? थुकले की."

मला काही बोलता येईना. आशाताईनं मात्र एका शब्दात काम केलं. "वैनी, बेडका! बेडका काढायचा."

"मग बेडका म्हणा की आदी."

परसात मोकळ्या हवेत उभं केलं. चूळ भरून दोनदा खोल श्वास, तिसऱ्या श्वासाला पोटातून खोकला. या वेळी डबीत जे आलं ते हिरवट-पिवळं आणि चिकट होतं. दुसऱ्या दिवशी ट्रूनॅटवर टीबी निघाला, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारा. स्लाइड मी स्वतः रंगवली: 3+, म्हणजे सगळ्यात वरची पातळी. एकेका फील्डमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणाऱ्या भागात, दहाहून जास्त लाल काड्या, टीबीचे जंतू. हे बघायला भिंग लावून शंभर फील्ड फिरावे लागत नाहीत.

मग मी बॉक्समधून त्यांच्या जुन्या दोन्ही स्लाइड काढल्या. लेप देखणा, रंग स्वच्छ, वाचन अचूक. पण जंतू सोडा, छातीतल्या बेडक्यात असतात त्या पूपेशीसुद्धा नाहीत. नुसत्या तोंडातल्या चपट्या पेशी, पानासारख्या पसरलेल्या. मी घोटून घेतलेल्या त्या टेक्निशियननं लाळेचा उत्कृष्ट स्मीअर केला होता. फेरतपासणीच्या फॉर्मवर 'नमुन्याचा दर्जा' हा रकाना असतो. त्यात 'चांगला' लिहिलेलं होतं. अक्षर माझं.

त्याहून वाईट बाहेरची पाटी. दोन वर्षांपूर्वी सगळ्या पाट्या कन्नड म्हणून मी भांडून एक मराठी पाटी लावून घेतली होती. महाराष्ट्रातल्या पोस्टरवरून शब्द उचलला: 'थुंकी तपासणी'. शेजारच्या कन्नड पाटीवर आहे 'कफ परीक्षे'. कफ मावशींनाही कळला असता. भाषेसाठी भांडून मी चुकीचा शब्द लावला होता.

आता 'बेडका' लिहायचं म्हटलं, तर साहेब म्हणतात, दवाखान्यात बरं दिसत नाही. मी पाटीखाली कागद चिकटवला, तो दोन दिवसांत गेला.

मावशींचं वजन 36 किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. औषधानं लघवी केशरी झाली म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी आशाताईला उठवलं. घरात चार वर्षांची नात आहे. तिची तपासणी करून प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या.

रोज संध्याकाळी मी त्या केंद्राची लॅबची वही घेऊन बसतो. मागच्या सहा महिन्यांतली निगेटिव्ह नावं. आशाताईंना एकेक नाव देतो, पुन्हा डबी घेऊन पाठवतो. काही फोन लागतात. ऊसतोडीला आलेल्यांचे लागत नाहीत. टोळ्या आपल्या मुलखात गेल्या.