डोळे मिटून पाहिलेली मालिका

४ तारीख, रात्री साडेअकरा

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. टीव्हीला बंदी नाही, पण उजेड टोचतो म्हणून ती बहुतेक वेळ डोळे मिटूनच बसते. आज जेवणं झाल्यावर म्हणाली, "लाव तुझं ते कोरियन काहीतरी. मी ऐकते. काय बोलतात ते सांगत जा."

मी 'माय मिस्टर' लावली. माझी तिसरी खेप. २०१८ ची मालिका, सोळा भाग, एकेक भाग सव्वा-दीड तासाचा. दिग्दर्शक किम वोन-सोक, लेखिका पार्क हे-यंग. चाळिशी ओलांडलेला एक इंजिनिअर, पार्क डोंग-हून. इमारती सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासायचं त्याचं काम. त्याच्याच ऑफिसात टेंपररी म्हणून लागलेली एकवीस वर्षांची ली जी-आन. डोक्यावर कर्ज, घरी बहिरी आणि अंथरुणाला खिळलेली आजी, रात्री दुसरं काम, आणि जेवण म्हणून ऑफिसातून उचललेल्या कॉफीच्या पुड्या. पैशांसाठी ती डोंग-हूनला नोकरीतून घालवायचं कंत्राट घेते आणि त्याच्या फोनमध्ये असं काही टाकते, की त्याचं सगळं बोलणं तिला कानात ऐकू यावं.

पहिला भाग संपला तेव्हा आई म्हणाली, "ह्या माणसाला झोप पुरत नाही का गं?" पडद्यावर त्याचा चेहरा तिने एकदाही पाहिला नव्हता.

६ तारीख

परवाचं तिचं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. डोंग-हूनचं काम ली सन-ग्युन यांनी केलंय. त्यांचा आवाज खर्जातला, जड. हे मला आधीपासून आवडायचं. पण मालिकेचं सगळं कथानकच त्या आवाजावर उभं आहे, हे आईने डोळे मिटले तेव्हा माझ्या लक्षात आलं. जी-आन ह्या माणसाला बघून ओळखत नाही, ती त्याला ऐकून ओळखते. त्याची पावलं, रस्त्याने एकटं चालतानाचा श्वास, भावांशी दारू पिताना दिलेले हुंकार, बायकोशी फोनवर तुटक बोलणं. माणूस एकटा असताना कसा असतो ते तिला कळत जातं आणि हळूहळू तिचा कडवटपणा उतरतो. म्हणजे नटाने इथे उसासासुद्धा खोटा टाकून चालणार नव्हता, कारण समोर एक मुलगी कान देऊन बसली आहे आणि तिच्यामागे आपण.

म्हणूनच डब केलेल्या मालिकांबद्दल मी इतकी हट्टी आहे. ज्यांना पडद्याखालची अक्षरं (सबटायटल्स) वाचणं जमत नाही त्यांच्यासाठी डबिंग हवंच, त्याशिवाय ह्या गोष्टी लाखो घरांत पोचल्या नसत्या. पण ह्या मालिकेत आवाज बदलला की नायकच बदलतो. आईला मी शेजारी बसून मराठीत सांगते आणि मूळ आवाज तसाच चालू राहतो. ही सोय मला फार आवडली आहे.

सांगता सांगता एक अडचण मात्र रोज येते. इंग्रजी सबटायटल्समध्ये सगळ्यांना एकच 'यू'. कोरियनमध्ये क्रियापदालाच आदर लागतो, आपल्या 'आलास' आणि 'आलात'सारखा. इंग्रजीतून जाताना तो गळून पडतो आणि मराठीत आणताना मला परत लावावा लागतो. मालिकेचं मूळ नाव 'ना-उई आजोशी'. आजोशी म्हणजे वडिलांच्या वयाकडे झुकलेला, नात्यातला नसलेला पुरुष. आपण रिक्षावाल्याला किंवा खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना 'काका' म्हणतो तसं. 'माझे काका' म्हटल्याबरोबर आईला नातं कळलं. 'मिस्टर'मध्ये ते कळत नाही, उलट आपल्याकडे 'माझे मिस्टर' म्हणजे भलताच अर्थ होतो.

९ तारीख, पहाटे

झोप येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

काल रात्री तो प्रसंग झाला. (ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांनी पुढचं सोडून द्यावं.) जी-आनला मारहाण करणाऱ्या सावकार पोराला डोंग-हून जाब विचारायला जातो. दोघांची झटापट होते. तो पोरगा ओरडून सांगतो, की हिने माझ्या बापाला मारलंय. डोंग-हून क्षणभर गप्प होतो. आणि मग म्हणतो, की माझ्या घरच्यांना कोणी असं मारलं असतं तर मीही मारून टाकलं असतं. हे सगळं जी-आन दूर रस्त्यावर कानात ऐकते आहे. ती मटकन खाली बसते आणि तोंडावर हात दाबून रडते.

जी-आन झालेली आययू ही मुळात गायिका. तिचं खरं नाव ली जी-उन. आठ-नऊ भाग तिने ह्या मुलीच्या चेहऱ्यावर काही उमटू दिलेलं नाही. आवाज सपाट, नजर खाली, चालणं पाय ओढत. कोणी म्हणेल हिला अभिनय येत नाही. त्या आठ-नऊ भागांच्या कोरडेपणामुळेच ते रडणं इतकं आत जातं. पहिल्याच भागात तिने डोळे भरून आणले असते तर इथे तिच्या हातात काही उरलं नसतं.

मी आईला काय सांगणार होते? मी बोललेच नाही. आईनेही विचारलं नाही. मिनिटभराने म्हणाली, "तिचं कोणीतरी झालं."

लेखनाबद्दल मला मनापासून जे वाटतं ते हेच. एका लेखिकेने सोळा भाग लिहिले, गोष्ट सोळाव्या भागात संपणार हे तिला आधीपासून माहीत होतं, म्हणून आठ-नऊ भाग ती एका मुलीला न रडवता ठेवू शकली. आपल्या मराठी मालिकांतले नट कमी नाहीत. रंगभूमीवर तावून-सुलाखून निघालेली माणसं आहेत. पण आठवड्याचे सहा-सात दिवस, रोज एक भाग, गोष्ट संपण्याची तारीख ठरलेली नाही, अशा गाड्याला जुंपल्यावर कोणता नट काय राखून ठेवणार? प्रत्येक भागाच्या शेवटी त्याला दचकावंच लागतं. कोरियातही सगळं सुखाचं नव्हतंच. आठवड्याला दोन भाग दाखवायचे आणि पुढचे भाग त्याच आठवड्यात उभ्या उभ्या चित्रित करायचे, ही तिथली वर्षानुवर्षांची पद्धत. माणसं रात्र-रात्र जागायची. २०१६ च्या 'डिसेंडंट्स ऑफ द सन'सारख्या मालिका आधी पूर्ण करून मग दाखवल्या गेल्या, तेव्हा दुसरा रस्ताही चालतो हे दिसलं.

१२ तारीख

आई आज चिडली. "त्या पोरीला इतकं मारताना दाखवायची काय गरज?" तिचं बरोबर आहे. सुरुवातीच्या भागांतली ती मारहाण कॅमेरा फार जवळून आणि फार वेळ बघतो. मालिका सुरू झाली तेव्हा कोरियातही ह्यावर, आणि दोघांच्या वयातल्या अंतरावर, कडक टीका झाली होती. वयाच्या अंतराचं उत्तर मालिका पुढे देते, ते नातं कुठल्याच नेहमीच्या खान्यात बसवत नाही. मारहाणीचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. डोंग-हूनच्या कंपनीचा तो व्यभिचारी तरुण सीईओही कागदीच वाटतो. भोवतीची माणसं इतकी भरीव असताना त्याच्या वाट्याला फक्त डाव खेळणं आलंय.

आणि एकूणच कोरियन मालिकांचा एक रोग मला सतावतो. तेराव्या-चौदाव्या भागात दोघांना कारण नसताना लांब करायचं, कोणीतरी 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून निघून जायचं, नाहीतर भरधाव ट्रक आणायचा. बारा भागांत जमवलेलं तिथे हातातून सांडतं. मी अशा कितीतरी मालिका तेराव्या भागात सोडून दिल्या आहेत.

१५ तारीख

आज पार्क हे-जून ह्या नटाबद्दल लिहायचं आहे.

'माय मिस्टर'मध्ये तो भिक्षू आहे. गावातली प्रेयसी जंग-ही हिला सोडून वीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या मठात निघून गेलेला. जंग-हीचा छोटा बार आहे, सगळा मोहल्ला तिथे जमतो. रात्री बार बंद झाला की तीही सगळ्यांबरोबर 'घरी जायला' निघते आणि वळसा घालून परत येते, कारण ती त्याच बारच्या वर राहते. ओ ना-रा ही नटी जंग-हीचं काम इतकं हसत करते, की हसणं थांबतं तिथे बघवत नाही. भिक्षूला बोलायला फार नाही. तो बसतो, आणि त्याच्या बसण्यात वीस वर्षं दिसतात.

हाच माणूस २०२० च्या 'द वर्ल्ड ऑफ द मॅरीड'मध्ये बायकोला फसवणारा नवरा झाला. पकडला गेल्यावर वर तोंड करून 'प्रेमात पडणं हा काय गुन्हा आहे' म्हणून ओरडणारा. मला त्याचा चेहरासुद्धा नको झाला होता. आणि २०२५ मध्ये 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' आली, पुन्हा किम वोन-सोक यांचीच. जेजू बेटावरचा ग्वान-सिक, तरुणपणी पार्क बो-गम आणि म्हातारपणी हा. बायकोमुलांसाठी आयुष्यभर झिजणारा, तोंडातून शब्द न काढणारा बाप. पहिल्या दहा मिनिटांत मी तो फसवा नवरा विसरले. चेहरा तोच, खांदे मात्र वेगळे. म्हाताऱ्या ग्वान-सिकचे खांदे बोटीवरच्या कामाने खाली आलेले आहेत.

त्या मालिकेतला एक प्रसंग मी आईला तोंडी सांगितला. ग्वान-सिकच्या घरी पुरुष एका टेबलाशी जेवतात, बाया दुसरीकडे. तरुण ग्वान-सिक जेवता जेवता बसल्या जागी अर्धा वळतो, पुरुषांकडे पाठ करतो आणि बायको-मुलीच्या टेबलाशी जेवायला लागतो. भाषण नाही, भांडण नाही. फक्त अर्धं वळणं.

आई खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे पुरुषांची पंगत उठल्यावर आम्ही बसायचो. आमटीत तेव्हा नुसतं पाणी उरायचं." हे तिने मला ह्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

मालिकेचं मूळ नाव जेजूच्या बोलीत आहे, 'फोकसाक सोगास्सुदा'. अर्थ साधारण 'फार कष्ट केलेत हो'. आईला सांगितलं. तिने नुसती मान हलवली.

१९ तारीख

शेवटचा भाग आज संपला. आईचा डोळा आता बरा आहे, ती बघू शकली असती. पण म्हणाली, सुरुवात ऐकून केलीय तर शेवटही ऐकूनच करते.

जी-आनची आजी गेली. त्या पोरीचं जगात कोणी नाही, पण डोंग-हूनचा सगळा मोहल्ला अंत्यविधीला येतो. थोरला भाऊ लपवून ठेवलेले पैसे काढून फुलांची चक्रं मागवतो, पोरीच्या आजीचं जाणं उघडं-बोडकं दिसू नये म्हणून. इथे आई रडली. मीही.

ली सन-ग्युन २७ डिसेंबर २०२३ ला गेले. तेव्हापासून ही मालिका मी लावली नव्हती. आज शेवटाकडे येताना मला भीती वाटत होती, कारण एक प्रसंग मला माहीत होता. सगळं मार्गी लागलंय. बायको मुलाकडे परदेशी गेलीय, जी-आन दुसऱ्या गावी. डोंग-हून घरात एकटाच जेवायला बसतो आणि जेवता जेवता त्याचा बांध फुटतो. सगळं आतल्या आत ठेवणारा माणूस, समोर कोणी नसताना.

मी आईला सांगायला तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"घास अडकला त्याचा," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.