जुन्या लाकडी मोटरबोटीतून दोन दिवस

१९५८ साली बांधलेली आमची लाकडी मोटरबोट तीन वर्षांच्या डागडुजीनंतर प्रथमच लांबच्या फेरीवर काढली. तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ४६ किलोमीटर जायचे, रात्री बोटीतच मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, असा बेत होता. सोबत आई, वडील आणि धाकटा भाऊ होते.

लाकडी बोट बरेच दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात, आणि पाण्यात उतरवल्यावर त्या पुन्हा फुगून सांधे मिटेपर्यंत पाणी आत येतच राहते. म्हणून आम्ही ती निघण्याच्या चार दिवस आधीच उतरवून ठेवली. पहिल्या रात्री पंप दर काही मिनिटांनी सुरू होत होता. चौथ्या दिवशी तो दोन तासांतून एकदा चालू लागला, तेव्हाच निघायचे ठरले. या चार दिवसांत पंपाची बॅटरी उतरू देऊ नये.

इंजिन पेट्रोलचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळात साचते. त्यामुळे चावी फिरवण्यापूर्वी किमान चार मिनिटे हवा बाहेर फेकणारा पंखा चालवणे, आणि त्यानंतरही झाकण उघडून वास घेणे, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

या बोटीचा पाण्याला टेकणारा भाग २५ फूट लांब आहे. अशा बोटीचा सहज वेग त्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणून नॉटमध्ये मिळतो, म्हणजे इथे ६.७ नॉट, ताशी सुमारे १२ किलोमीटर. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. ताशी ११ किलोमीटरला आमचे पेट्रोल तासाला सहा लिटर लागत होते; भावाने हट्टाने वेग १४ वर नेला तेव्हा नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वर उचलली गेली, समोरचे दिसेनासे झाले आणि खर्च पंधरा लिटरवर गेला. तीन किलोमीटरच्या हौसेसाठी हा सौदा आतबट्ट्याचाच. टाकी ९० लिटरची आहे. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी आणि उरलेले राखीव, हा हिशेब त्यामुळेच जुळला.

खरी परीक्षा धक्क्यावर होते. बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा एकच आणि सुकाणू त्याच्या मागे. त्यामुळे पुढे जाताना पंख्याने फेकलेले पाणी सुकाणूवर आदळून बोट चटकन वळते, पण मागे घेताना सुकाणू जवळजवळ निकामी होते. शिवाय आमचा पंखा उजव्या फिरतीचा, म्हणजे पुढे जाताना मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणारा, असल्याने मागचा गिअर टाकताच बोटीची मागची बाजू डावीकडे सरकते. पहिल्या दिवशी मी उजवी बाजू धक्क्याला लावायला गेलो आणि थांबवण्यासाठी मागचा गिअर टाकला, तर बोट धक्क्यापासून दूर जाऊन पाण्यात आडवी झाली. वडिलांनी चक्र हाती घेतले, मोठा वळसा घालून डावी बाजू धक्क्याकडे आणली आणि अगदी मंद चालीने तिरके जवळ येत दोनच सेकंद मागचा गिअर दिला. मागची बाजू आपोआप धक्क्याला चिकटली. “तिची खोड ओळखायची, तिच्याशी भांडायचं नाही,” एवढेच ते म्हणाले. नव्या चालकाने आपला पंखा कोणत्या फिरतीचा आहे, हे दोर सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि वारा धक्क्याकडून पाण्याकडे वाहत असेल तर पुढचा दोर आधी बांधावा.

परतीच्या दिवशी वारा मागून, किंचित तिरका होता. समोरून येणाऱ्या लाटा ही निमुळत्या नाळेची बोट सुरेख कापते. मागून आलेली लाट मात्र तिची रुंद, सपाट मागची बाजू उचलते आणि बोट एका अंगाला वळू लागते. ती वळल्यावर चक्र फिरवले तर उशीर झालेला असतो; मागची बाजू उचलली जाऊ लागताच थोडे उलटे फिरवावे लागते. आईने जड सामान नाळेतून काढून मधल्या भागात हलवल्यावर हे बरेच सोपे झाले.

दर तासाला वडील टॉर्च घेऊन पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथल्या, पाणी अडवणाऱ्या पॅकिंगचे थेंब मोजत होते. बोट चालू असताना तिथून अधूनमधून थेंब पडलाच पाहिजे, कारण त्या पाण्यानेच दांडा थंड राहतो. गळती दिसली म्हणून नट कोरडा होईपर्यंत आवळू नये. आमची चूक वेगळीच होती. तिसऱ्या तासाला इंजिन धापा टाकू लागले आणि बंद पडले. लाटांच्या हेलकाव्यांनी टाकीतला जुना गाळ ढवळून पेट्रोलच्या फिल्टरमध्ये बसला होता. किनारा दूर होता आणि तळ उथळ, म्हणून आधी नांगर टाकला, पेट्रोलचा कॉक बंद केला, मग फिल्टर बदलला. सोबत दोन सुटे फिल्टर होते. दुसरा पुढच्या तासाभरात लागला.

पुढच्या आठवड्यात टाकी उतरवून उघडली, तर तळाशी वाटीभर गंजाचा चिखल निघाला. बाहेरून वार्निशचे आठ हात दिले होते.